मीटरने किती खरं बोलावं?

मोटरसायकलवरचा कंपनीचा मीटर काढायला फार वेळ लागत नाही. दोन-तीन नट, मागचा कप्लर आणि गाडी जुनी असेल तर स्पीडोमीटरची केबल. डबा हातात येतो आणि गाडीचं तोंडच बदलतं. हँडल मोकळं होतं, टाकीपासून पुढच्या चाकापर्यंत नजर कुठे अडत नाही. गाडी कस्टम करायला घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाला या टप्प्यावर एकदा तरी वाटून जातं, की असंच ठेवावं. मीटर नकोच. कायद्याचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी हा उत्साह टिकत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये आहे का, हाय बीम चालू राहिलाय का, बॅटरी चार्ज होतेय की नुसतीच रिकामी होत चाललीय, हे कळेनासं झालं की मोकळ्या हँडलचं कौतुक ओसरतं. मग बाजारातले मीटर बघायला सुरुवात होते.

आणि तिथे माणूस हरवतो. ४८ मिलिमीटरचा, ६० चा, ८० चा. पांढरी डायल, काळी डायल, काटा, आकडे, काटा आणि आकडे दोन्ही. मोटोगॅजेट, कोसो, एसवेल, डेटोना, नावं संपता संपत नाहीत. निवड आधी दिसण्यावरूनच होते. माझीही होते. आपल्याला दिसण्याशी काही देणंघेणं नाही असं एखादा गाडी कस्टम करणारा सांगू लागला, तर ते फार मनावर घेऊ नये. पण दिसणं ठरलं की खरा प्रश्न समोर येतो, आणि तो कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो. मला या गाडीबद्दल नेमकं काय कळायला हवंय? आणि ते किती खरं कळायला हवंय?

दुसरा प्रश्न विचित्र वाटेल. मीटर म्हटला की तो खरंच सांगणार, असं आपण धरून चालतो. कंपनीच्या मीटरच्या बाबतीत तसं नसतं. तो पेशंटला रिपोर्टमधलं निम्मंच सांगणाऱ्या डॉक्टरसारखा वागतो, आणि तेही चांगल्या हेतूने. वेगाचंच घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा ३९ क्रमांकाचा नियम स्पीडोमीटरबद्दल आहे आणि अनेक देश तो पाळतात. मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये, जास्त दाखवला तर एका मर्यादेपर्यंत चालेल, असं तो सांगतो. टायर झिजतो, हवा कमी-जास्त होते, प्रत्येक मीटर थोडा वेगळा निघतो. मग कारखाना काय करणार? काटा मुद्दाम थोडा वर ठेवणार. म्हणजे ज्या आकड्यावर आपण वर्षानुवर्षं शर्यतीच्या गप्पा मारल्या, त्यात दोन-चार किलोमीटर कारखान्याने पदरचे घातलेले असतात.

तापमानाच्या काट्याची गंमत आणखी वेगळी. कंपनीच्या कित्येक मीटरमध्ये तो मध्यावर आला की तिथेच ठाण मांडतो. आत पाणी ऐंशीवर आहे की शंभराच्या आसपास, त्याला फरक पडत नाही. खरोखर धोका जवळ आला तरच तो उठतो. हा बिघाड नसतो, तशी योजनाच केलेली असते. काटा सारखा वर-खाली झाला तर गिऱ्हाईक घाबरून वर्कशॉपमध्ये येतं, हे कंपन्यांना चांगलं ठाऊक आहे.

बाहेरून आणून लावलेला ऑइल टेंपरेचर मीटर असली दयामाया दाखवत नाही. चढ लागला, आकडा वर. ट्रॅफिकमध्ये थांबलो, आकडा वर. उतारावर वारा लागला, खाली. एअर-कूल्ड इंजिनचं ऑइल गरम होऊन शंभरच्या पुढे जाणं ही रोजची बाब आहे. ती कालही तशीच होती, फक्त काल आपल्याला दिसत नव्हती. नवा मीटर लावल्यावर पहिले काही दिवस रस्त्याकडे कमी आणि त्या आकड्याकडे जास्त लक्ष जातं.

ऑइल प्रेशरच्या मीटरबद्दल तर मी मित्रांना आधीच बजावून ठेवतो. इंजिन थंड असताना काटा झोकात वर असतो. ऑइल तापून पातळ झालं आणि गाडी आयडलवर, म्हणजे थ्रॉटल सोडून नुसती चालू राहण्यावर, आली की तो असा काही खाली बसतो, की माणसाच्या पोटात गोळा यावा. प्लेन बेअरिंगच्या, म्हणजे ऑइलच्या दाबाच्या थरावर फिरणाऱ्या साध्या बेअरिंगच्या, इंजिनांसाठी मेकॅनिक लोकांचा एक जुना ठोकताळा आहे, दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय (दाबाचं एकक). पण क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, रोलर बेअरिंगवर फिरत असेल तर त्या इंजिनाची रचनाच कमी दाबावर चालण्याची असते, आणि तिथे हा ठोकताळा लावला तर धडधाकट इंजिन उघडून बसायची पाळी येईल. मीटर खरंच बोलत असतो. त्याचा अर्थ लावायला आपलं इंजिन कुठल्या जातकुळीचं आहे हे माहीत हवं, आणि ती माहिती मीटरच्या खोक्यात मिळत नाही.

खोक्यात सेंडर मात्र मिळतो, आणि तो त्याच मीटरबरोबर वापरायचा असतो. सेंडर म्हणजे दाब किंवा पातळी बदलली की स्वतःचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बदलणारी वस्तू. मीटर तो रेझिस्टन्स वाचतो आणि त्याप्रमाणे काटा हलवतो. व्हीडीओ या जर्मन मीटर-कंपनीच्या पद्धतीत हा रेझिस्टन्स १० ते १८० ओहम असा चढत जातो. अमेरिकन पद्धतीत उलट, २४० वरून ३३ पर्यंत उतरतो. एकाचा सेंडर आणि दुसऱ्याचा मीटर जोडला, तर पेट्रोल भरताना काटा खाली येतो आणि टाकी रिकामी होताना ऐटीत वर चढतो. वायरिंग शंभर वेळा तपासा, काही सापडणार नाही, कारण वायरिंगमध्ये काही चुकलेलंच नसतं.

त्या सेंडरचे आटे हा आणखी एक छुपा शत्रू. एक अष्टमांश इंचाचा एनपीटी (अमेरिकन मापाचा) आटा इंचाला २७ फेऱ्यांचा असतो आणि त्याच मापाचा बीएसपीटी (ब्रिटिश मापाचा) २८ फेऱ्यांचा. जपानी इंजिनांवर बहुधा दुसरा असतो. दोन्ही सेंडर शेजारी ठेवले तर साध्या डोळ्याला फरक कळत नाही. चुकीचा सेंडरही हाताने एक-दोन फेरे मजेत आत जातो. मग जड होतो. इथे पाना ठेवून द्यायचा असतो, पण नेमकं इथेच हाताला वाटतं की टेपर, म्हणजे निमुळता, आटा आहे, जड तर होणारच. ॲल्युमिनियमचं केसिंग फार तक्रार करत नाही, सरळ चिरतं. शिवाय बरेच सेंडर आपल्या धातूच्या अंगातूनच अर्थिंग घेतात. गळती नको म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप जाडजूड गुंडाळली की ऑइल थांबतं आणि त्याबरोबर अर्थही तुटतो.

वेगाच्या मीटरवर मात्र माझा जीव आहे. ओटो शुल्झे नावाच्या जर्मन माणसाने १९०२ साली ज्याचं पेटंट घेतलं, तेच तत्त्व पुढे कित्येक दशकं जगभरच्या गाड्यांवर चाललं. चाकाकडून आलेली केबल मीटरच्या पोटात एक मॅग्नेट फिरवते. मॅग्नेटभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, पण दोघांचा एकमेकांना स्पर्श होत नाही. फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला धरून ठेवते. ओढ आणि स्प्रिंग यांची जिथे बरोबरी होते, तिथे काटा थांबतो. बॅटरी नाही, वायर नाही. एखादा जुना मीटर उघडून मागची केबलची जागा दोन बोटांनी फिरवून पाहावी. केबलला कुठेही न जोडलेला काटा आळसावल्यासारखा उठतो, बोटं थांबली की शून्यावर परत येतो.

या मीटरची अडचण एकच, त्याला एका ठरावीक गुणोत्तराची सवय असते. बऱ्याच जपानी गाड्यांत केबलने एका किलोमीटरला १४०० फेरे मारावेत असा हिशेब आहे. मीटरच्या डायलवर तो बारीक अक्षरात छापलेलाही असतो. पुढचं चाक बदललं, गरारी दुसऱ्या गाडीची बसवली किंवा मीटर दुसऱ्या घराण्यातला आणला, की हिशेब फिसकटतो. काटा हलतो, छान हलतो, आणि चुकीचं सांगतो. मागच्या टोकाला गुणोत्तर बदलणारा छोटा गिअरबॉक्स बसवता येतो, पण तो शोधेपर्यंत बहुतेकांचा धीर सुटतो आणि ते इलेक्ट्रॉनिक मीटरकडे वळतात.

इलेक्ट्रॉनिक मीटरला चाकावर एक छोटं मॅग्नेट आणि फोर्कवर एक सेन्सर पुरतो. दोघांमध्ये काही मिलिमीटरचं अंतर ठेवायचं आणि चाकाचा परीघ मीटरमध्ये भरायचा. हा परीघ टायरच्या मापावरून कागदावर काढता येतो, पण कागदावरचा टायर गाडीच्या आणि माणसाच्या वजनाने दबत नाही. म्हणून पद्धत अशी. टायरमध्ये नेहमीची हवा भरायची. टायरवर आणि जमिनीवर खडूने एकाच ओळीत खूण करायची. कुणालातरी हँडल धरायला लावून स्वतः सीटवर बसायचं, गाडी सरळ रेषेत ढकलायची, चाकाचे पाच-सहा पूर्ण फेरे झाले की परत खूण करायची आणि टेपने अंतर मोजून भागायचं. एकाच फेऱ्यावर समाधान मानलं तर खूण करताना झालेली बोटभर चूक थेट मीटरमध्ये जाते. परीघ दोन मीटरचा असेल तर एक सेंटिमीटरच्या चुकीने वेग अर्ध्या टक्क्याने फिरतो. ते फार नाही, हे मला मान्य आहे. तरीपण मी पुन्हा मोजतो.

आणखी एक गणित आधी करून ठेवलेलं बरं. परीघ दोन मीटर आणि मॅग्नेट एकच असेल, तर ताशी ६० ला सेन्सरला सेकंदाला आठच्या वर ठोके मिळतात. ताशी १० ला जेमतेम दीड. म्हणजे गर्दीतून हळू जाताना मीटरला पुढचा ठोका येईपर्यंत काही सुचतच नाही, आणि आकडा नऊवरून तेरावर, तेरावरून शून्यावर उड्या मारतो. मीटर परवानगी देत असेल तर मॅग्नेट वाढवायची, किंवा डिस्कचे बोल्ट लोखंडी असतील तर तेच मोजणारा सेन्सर घ्यायचा. जुन्या ब्रिटिश गाड्यांवरचे स्मिथ्सचे क्रोनोमेट्रिक मीटर असेच टप्प्याटप्प्याने चालायचे. आत घड्याळासारखी यंत्रणा, ती ठरावीक क्षणात चाकाचे फेरे मोजायची आणि काट्याला झटक्यात नव्या जागी नेऊन बसवायची. त्या झटक्यांवर आजही लोक जीव टाकतात. डिजिटल आकडा तसाच उडाला की मात्र आपण सेन्सरला शिव्या देतो.

आरपीएम मीटरचं वागणं ठिणगीच्या कॉइलकडून येणाऱ्या ठोक्यांवर ठरतं. फोर-स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदाच ठिणगी लागते, पण बऱ्याच गाड्यांत इग्निशन क्रँकवरून चालतं आणि प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते, एक कामाची आणि एक वाया जाणारी. मीटरच्या सेटिंगमध्ये हे बरोबर सांगितलं नाही, तर १२०० वर गुरगुरणारी गाडी २४०० दाखवते किंवा ६००. हे कानाला लगेच कळतं, त्यामुळे त्याची भीती नाही. आकडा मधूनच वेड्यासारखा उसळी मारत असेल, तर मात्र प्लगला जाणाऱ्या हाय-टेन्शन वायरचा त्रास समजावा. सिग्नलची वायर तिच्यापासून लांबून न्यावी, प्लग रेझिस्टरवाला घालावा. निम्मी दुखणी तिथेच जातात.

मग येतात छोटे दिवे. मीटरच्या कामात सर्वांत जास्त संध्याकाळी कुणी खाल्ल्या असतील तर या दिव्यांनी. जुन्या गाड्यांत दोन्ही इंडिकेटर मिळून मीटरमध्ये एकच दिवा असतो. त्याला स्वतःचं अर्थिंगच नसतं. त्याचं एक टोक डाव्या इंडिकेटरच्या वायरला आणि दुसरं उजव्या. डावा इंडिकेटर लावला की करंट या दिव्यातून जाऊन उजव्या बाजूच्या बल्बच्या फिलामेंटमधून अर्थला पोचतो. तो इतका कमी असतो, की उजवे बल्ब पेटत नाहीत, फक्त मीटरमधला दिवा लुकलुकतो. ज्याने कुणी ही युक्ती काढली, त्याने एक वायर वाचवली आणि पुढच्या पिढ्यांना कामाला लावलं. कारण आता आपण इंडिकेटर एलईडीचे घालतो. एलईडीला तेवढा किरकोळ करंटही पुरतो, आणि डावा लावला की चारही लुकलुकू लागतात. नव्या मीटरच्या एकाच दिव्याला डावी-उजवी वायर थेट एकत्र जोडली, तरी तेच. इलाज दोन साध्या डायोडचा, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या तुकड्यांचा. डाव्या वायरमधून एक, उजव्या वायरमधून एक, दोन्हींची पट्टीची बाजू दिव्याकडे, दिव्याचं दुसरं टोक अर्थला. करंट दिव्याकडे जातो, पलीकडच्या वायरीत शिरत नाही. नखाएवढ्या त्या दोन डायोडवर हीट-श्रिंकची नळी चढवून, ती गरम हवेने आवळत जाताना बघणं, यात मला जे समाधान मिळतं ते क्रोमच्या रिंगेत मिळत नाही.

एक दिवा असाही आहे, जो दिसतो नुसता सूचनेचा आणि काम करतो भलतंच. जुन्या एअर-कूल्ड बीएमडब्ल्यू बॉक्सर गाड्यांत चार्जिंगचा लाल दिवा अल्टरनेटरला सुरुवातीची चेतना देतो. रोटरला मिळणारा पहिला करंट याच बल्बमधून जातो. बल्ब काढून नवा मीटर लावला किंवा त्या जागी एलईडी घातला, तर गाडी सुरू होते, चालते, आणि बॅटरी संपत आली की कुठेतरी बंद पडते. एलईडीला समांतर योग्य रेझिस्टर टाकला की चार्जिंग परत येतं. म्हणून जुना मीटर उतरवण्याआधी सर्किट डायग्राममध्ये त्याची प्रत्येक वायर कुठून येते आणि कुठे जाते ते बोट ठेवून वाचावं. हल्लीच्या गाड्यांत तर मीटरचा डबा इतर कंट्रोल युनिटशी सारखा बोलत असतो, काहींत किल्लीची ओळखही त्याच्याकडेच असते. असा डबा काढला की गाडी सुरूच होत नाही. तिथे कापाकापीपेक्षा त्या गाडीसाठी बनवलेला जोड घेणं शहाणपणाचं.

एकच जादा मीटर लावायची मुभा असेल तर मी व्होल्टमीटर लावेन. दिसायला तो सगळ्यांत नीरस. पण इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास आणि गाडी पळताना १४ च्या आसपास, एवढं दिसलं की माणूस लांबच्या रस्त्याला निर्धास्त निघतो. १२ च्या खाली जाऊ लागला तर चार्जिंगमध्ये घोटाळा, १५ कडे चढू लागला तर रेग्युलेटर जायच्या मार्गावर. याचा आकडा दर चढाला हलत नाही, म्हणून जीवही खात नाही. पूर्वी त्याच्या जागी ॲमीटर असायचा. ब्रिटिश गाड्यांच्या हेडलाइटच्या वाटीतला तो छोटा काटा फार देखणा, पण गाडीचा जवळजवळ सगळा करंट त्याच्या पोटातून जायचा, तोही सतत थरथरणाऱ्या दोन टर्मिनलमधून. काटा मेला की बरोबर गाडीही मरायची. व्होल्टमीटर बाजूला उभा राहून बघतो. तो बिघडला तरी गाडी घरी येते.

बसवण्याबद्दल थोडंच. रबर वापरावं. सिंगल सिलिंडरच्या गाडीवर मीटर थेट धातूवर आवळला, तर सुईची स्प्रिंग फार जगत नाही. वायर बांधण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून बघावं आणि फोर्क दाबून बघावा, ताण तिथेच येतो. वायर मीटरच्या खालून येऊ द्याव्यात, म्हणजे पाणी त्यांच्यावरून ओघळून बाहेर पडतं. आणि एलसीडीचा मीटर घ्यायचा असेल तर पोलराइज्ड गॉगल घालून आधी बघा. काही कोनांतून पडदा चक्क काळा दिसतो, आणि नेमका तोच कोन आपल्या बसण्याचा निघतो.

सगळं जोडून झालं, चावी फिरवली, की नवा मीटर एक शेवटचं अर्धसत्य सांगतो. ओडोमीटरवर शून्य. इंजिन जुनं, फ्रेम जुनी, गिअरबॉक्सचे दात झिजलेले, आणि मीटर सांगतोय की ही गाडी अजून एक किलोमीटरही चाललेली नाही. काही मीटर सुरुवातीचा आकडा भरू देतात, मग तो नक्की भरावा. जे देत नाहीत, त्यांच्यासाठी मी गाडीच्या वहीत मीटर बदलल्याची तारीख आणि जुन्या मीटरचा शेवटचा आकडा लिहून ठेवतो, खाली नव्या चाकाचा परीघ आणि आरपीएमचं सेटिंग. व्हॉल्व्ह कधी बघायचे, चेन कधी बदलायची, हे पुढे जुन्या मीटरचा शेवटचा आकडा आणि नव्या ओडोमीटरवरचा आकडा यांच्या बेरजेवर ठरतं, आणि गाडी कुणाला दिली तर वहीही तिच्याबरोबर जाते.